बेचाळीस बोटी परतल्या

१

शुक्रवार आम्ही मुद्दाम निवडला होता. शुक्रवारी अलेक्झांड्रियाच्या मच्छीबंदरात हालचाल कमी असते. दुपारी नमाजाला धक्का ओस पडतो आणि एखादं जुनं यंत्र तासभर गप्प बसलं तरी कुणाचं काही अडत नाही. काम सोपं होतं. सात प्रोग्राम एकेक करून काढायचे आणि संध्याकाळी यंत्रं बंद करायची.

नौका-नोंद कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर थंडगार खोलीत तीन मोठी यंत्रं शेजारी शेजारी उभी होती. त्यांच्यावर मिळून सात प्रोग्राम चालत. प्रत्येकाकडे समुद्राचा एक पट्टा. बोट बाहेर पडली की त्या पट्ट्याच्या यादीत नाव चढायचं. दर चार तासांनी बोटीने रेडिओवर आपली जागा सांगायची, इथे कुणीतरी ती टाइप करायची. बोट परतली की नाव उतरायचं. या सात जणांचा एक गट होता आणि त्यांच्यामध्ये एक सेवा बसलेली होती. गटात कोण आहे, कोण गेला, एवढंच ती सांभाळायची. एक सभासद निघाला की ती उरलेल्यांना कळवायची आणि उरलेला प्रत्येक जण कन्सोलवर एका ओळीत पोच द्यायचा : "कळलं."

मला ती यंत्रं डोळ्यांसमोर नको होती. गेल्या हिवाळ्यात एक बोट अकरा तास बेपत्ता होती आणि आम्हाला ते बाराव्या तासाला समजलं, कारण टाइप करणारा माणूस जेवायला गेला होता. नव्या व्यवस्थेत बोटीवरचं उपकरण दर दोन मिनिटांनी स्वतःच जागा कळवणार होतं. त्यासाठी मी कैरोहून आले, दीड वर्ष भांडले, सह्या गोळा केल्या. माणसं बुडत असताना जुन्याचं कौतुक करत बसणाऱ्यांचा मला मनापासून राग यायचा.

"बाशमोहंदिसा, जरा दम खा," मदाम इन्साफ म्हणाल्या, इंजिनिअर बाईला इथे हाक मारतात तशी. त्या कन्सोलवर तीस वर्षं बसत होत्या. "पळून जाणार आहेत का ते? पाय कुठे आहेत त्यांना?"

"मदाम, आज संध्याकाळपर्यंत संपवायचंय."

"कैरोचे सगळे असेच. मूल नऊ महिन्यांनी होतं यावरसुद्धा तुम्ही तक्रार अर्ज देता."

पहिला सभासद मी साडेनऊला काढला. त्याने आपल्या बोटी नव्या व्यवस्थेकडे सोपवल्या आणि गट सोडला. सहा ओळी उमटल्या. कळलं, कळलं, सहा वेळा. बरोबर.

मग दुसरा. आता पाच उरले होते. ओळी सहा आल्या.

तिसऱ्यालाही सहा.

"हे बघा," मी म्हटलं. "चार असायला हव्यात."

इन्साफनी चष्मा कपाळावर चढवला, ओळी बघितल्या आणि पुन्हा विणकाम हातात घेतलं. "गेलेली माणसंही पहिले काही दिवस हाकेला ओ देतात, पोरी. सवय असते."

मी वहीत लिहिलं : जुन्या पोचा साठून राहिल्या असाव्यात. उद्या तपासणे. हे कारण पटण्यासारखं होतं. सहावा सभासद निघाला तेव्हा गटात एकटा सातवा उरला होता, आणि ओळी सहाच आल्या. त्या सहाही ओळींवर एकच वेळ होती, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

२

सातवा निघेना.

मी आज्ञा दिली. उत्तर आलं : काम बाकी.

"त्याचं काय बाकी आहे?"

"एक्केचाळीस बोटी," इन्साफ न बघताच म्हणाल्या. "मोजायची गरज नाही. मला पाठ आहेत."

सातवा पट्टा सगळ्यांत लांबचा, पश्चिमेचा. हिवाळ्यात तिकडे कुणी फिरकत नसे. त्याच्या यादीतल्या बोटी गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाहेर पडलेल्या आणि कधीच न परतलेल्या होत्या. ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याने नाव उतरवायला एकच कारण ठेवलं होतं : परतली. बुडाली असं लिहायला जागाच नव्हती. मग कुणी ती नावं उतरवली नाहीत. दर अर्ध्या तासाला हा प्रोग्राम त्या एक्केचाळीस बोटींना हाक द्यायचा, उत्तराची वाट बघायचा आणि पुन्हा पुढच्या अर्ध्या तासाला हाक द्यायचा.

"वीस वर्षं?" मी म्हटलं. "आणि तुम्ही कुणी त्याला थांबवलं नाही?"

"तुझं काय खातोय तो?"

"मदाम, हे वेडेपण आहे. त्या घरांना खरं सांगायला नको का? बोट गेली, माणूस गेला. कागदावर तरी."

"नवारा," त्या म्हणाल्या. "यादीत सतरावी. माझा नवरा तिच्यावर होता. सत्त्याण्णव साल. मला खरं कळत नाही असं वाटतं तुला?" त्या हसल्या. राग त्या हसण्यात नव्हता, आणि म्हणूनच मला खाली बघावं लागलं. "मला सगळं कळतं. पण पोरी, दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा या जगात कुणीतरी त्याला हाक मारतं. मी स्वतः इतक्यांदा नाही मारत."

त्या उठल्या, शाल घेतली. "कोपऱ्यावर शाबानची गाडी आहे. सहलब आणते, गरम गरम दाट दुधाचं. तोवर तू त्याला हात लावू नकोस. आल्यावर बोलू."

"बरं."

मी खोटं बोलले नव्हते. खरंच थांबणार होते. पण जिन्यावरची त्यांची पावलं थांबल्यावर खोलीत फक्त पंख्यांची घरघर उरली. पावणेबारा वाजत आले होते, आणि मला वाटलं, त्या परत आल्या की त्यांच्या डोळ्यांसमोर हे करणं जास्त क्रूर होईल. त्यांच्या माघारी झालेलं बरं.

नावांच्या क्रमाने लावलेली यादी उघडली. एक्केचाळीस नव्हे, बेचाळीस. नवारा दोनदा होती. सतरावी नवारा आणि अठरावी नवारा, फक्त बंदर-क्रमांक वेगळे. कुणा कारकुनाने एकच बोट दोनदा चढवली असणार. असल्या चुका मी दीड वर्ष निस्तरत होते. अठराव्या ओळीची तारीख बघायला आणखी एक कळ दाबावी लागली असती.

सगळ्या बेचाळीस ओळी निवडल्या. कारण : परतली.

सातव्याने ते निमूटपणे घेतलं. हाका थांबल्या. त्याची अवस्था बदलून 'निवांत' झाली. आता त्याचं काम थांबलं होतं, फक्त नाव सेवेकडे उरलं होतं. ते पुसलं की संपलं. पुसण्याची आज्ञा मी टाइप केली आणि शेवटची कळ दाबणार, तेवढ्यात ओळी उमटायला लागल्या.

कळलं. कळलं. कळलं.

गटात आता कुणीही जागं नव्हतं. मी मोजत गेले. सहावर थांबतील असं वाटलं. त्या बेचाळीस झाल्या. नाही, एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या. एक्केचाळीसच. एक कमी.

३

पहिला भोंगा मी ऐकला तेव्हा नमाजाची बांग चालू होती, म्हणून मला वाटलं ध्वनिक्षेपक घरघरतोय.

खिडकीबाहेर धुकं होतं. सकाळी उठताना विरळ होतं, आता धक्क्याची कडसुद्धा दिसत नव्हती. भोंगा पुन्हा वाजला, खालच्या पट्टीत, लांबून. मग दुसरा, त्याच्या उजवीकडे. मग आणखी दोन.

फोन वाजला. बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोऱ्यावरून हमीदोकाका, सगळ्यांचे अम्म हमीदो, बोलत होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बोटीला हाक देऊन नाव विचारायचं, हे त्यांचं काम.

"कोण, कैरोची बाशमोहंदिसा? उम्म रिफअतला दे जरा." रिफअत हा मदामचा मुलगा; बंदरावर त्यांना 'रिफअतची आई' म्हणूनच हाक मारत.

"मदाम खाली गेल्यात. काय झालं?"

"तुमच्याकडे आज किती बोटी परतायच्या होत्या?"

"एकही नाही, अम्म हमीदो. सगळ्या संध्याकाळी."

"मग ही वरात कुणाची?" ते हसले, पण हसू अर्ध्यात विरलं. "बाई, अकरा मोजल्या मी. हाक देतोय तर कुणी ओ देत नाही. मी म्हटलं, बहिऱ्यांनो, नाव सांगा, नाहीतर तुमच्या आयांना सांगेन. एकसुद्धा हसला नाही. कोळी असून हसत नाही म्हणजे काय?"

"धुक्यात चाचपडत आत शिरल्या असतील. दुसऱ्या बंदराच्या."

"इंजिनं जुनी आहेत सगळी. एका सिलिंडरची. टक, टक, टक. आता कोण वापरतं ती?" मग फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला. "सोळा," ते म्हणाले. "बाई, मी नमाजाला जातो."

"आत्ता? मनोरा सोडून?"

"आत्ताच," ते म्हणाले, आणि ठेवला.

मी स्वतःला समजावलं. धुक्यात आवाज दोनदा ऐकू येतो. भिंतींवर आपटून एकाचे चार होतात. नौदलाने जुन्या बोटी ओढून आणल्या असतील भंगारात काढायला. शुक्रवारी का? शुक्रवारीच, धक्का मोकळा असतो म्हणून. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. तरी मी खिडकीपाशी गेले नाही. कन्सोलवर त्या पोचा अजून तशाच होत्या, आणि नाव पुसण्याची आज्ञा शेवटच्या कळीची वाट बघत होती.

बाहेर टक, टक, टक आता इतकं जवळ आलं होतं की टेबलावरच्या पेल्यातला चमचा त्याच तालात किणकिणू लागला.

४

मदाम इन्साफ आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत सहलबचे पेले होते आणि ते त्यांनी ठेवले नाहीत. तशाच खिडकीपाशी गेल्या.

"तू हात लावलास," त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

"मदाम, मी..."

"काय लिहिलंस?"

"परतली."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि मग मी बघितलं.

धुकं धक्क्यापाशी विरळ झालं होतं, जेवढं लागतं तेवढंच. खाली बोटी उभ्या होत्या. एकीमागे एक, नंतरच्या धुक्यात बुडालेल्या, फक्त डोलकाठ्यांची टोकं वर. सगळ्या लाकडी. जाळी नीट घडी करून ठेवलेली, जणू आत्ताच निघणार आहेत. त्यांनी धक्क्याला टेकलं नव्हतं. प्रत्येक बोट धक्क्यापासून एका दोराच्या अंतरावर थांबली होती. इथे बोट लागते ती अशीच : बोटीवरचा माणूस दोर फेकतो, जमिनीवरचा झेलतो आणि खुंटाला बांधतो. जमिनीवरून कुणी हात पुढे केल्याशिवाय दोर फेकायचा नाही, अशी रीत आहे. प्रत्येक बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, एक आकृती हातात दोराचं वेटोळं घेऊन उभी होती. वर कुणी बघत नव्हतं. घाई कुणालाच नव्हती. इतकी माणसं इतक्या शांतपणे उभी राहिलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, किंवा ती इतकी मोठी होती की भीतीसारखी वाटली नाही. लहानपणी पहिल्यांदा वाळवंटात रात्रीचं आकाश बघितलं तेव्हा मी आईचा हात सोडून खाली बसले होते. आता मी खिडकीची चौकट धरली.

"नवारा," इन्साफ पुटपुटल्या. पहिल्या रांगेतली तिसरी. डाव्या कुशीवर एक फळी हिरवट पिस्ता रंगाची होती, बाकी बोट निळी. "आमच्या स्वयंपाकघराच्या दाराचा रंग उरला होता. मी म्हटलं, शोभत नाही. म्हणाला, माशांना कुठे कळतंय."

त्या वळल्या. पेले टेबलावर ठेवले. दाराकडे चालू लागल्या, घाई न करता, एखादी बाई ओळखीची हाक ऐकून जाते तशा. त्या कुठे निघाल्या होत्या ते मला कळलं. दोर झेलायला.

"मदाम," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, कदाचित मला एखादी साधी गोष्ट बोलायची होती. "यादीत नवारा दोनदा होती. कारकुनाने दोनदा चढवलीय."

त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

"दोनदा नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "बुडालेल्या बोटीचं नाव आम्ही नव्या बोटीला देतो. नाव समुद्राकडे राहू नये म्हणून. रिफअतची बोट नवारा आहे."

"पण तुमचा मुलगा तर पूर्वेला, रशीद बंदराकडे..."

"तिसऱ्या पट्ट्यात जातो म्हणाला होता. मासळी पश्चिमेला सरकली असेल. अठरावी ओळ काय होती?"

मी तारीख उघडली. चार दिवसांपूर्वी बाहेर. शेवटची खबर आज पहाटे, पाच पन्नास. सातवा पट्टा. रात्रपाळीवाल्याने टाइप केलेली, पुढे कुणाला न कळवता. शेरा : इंजिन बंद, वाहत आहोत, सहा माणसं. मग माझी ओळ : परतली. नव्या व्यवस्थेकडे ही बोट गेलीच नव्हती, कारण मी ती कुणाला सोपवलीच नव्हती. मी तिला घरी पोचवलं होतं. पहाटेची जागा मात्र 'परतली' लिहिताच पुसली गेली होती.

एक्केचाळीस पोचा. एक कमी.

५

बचाव-लाँचच्या ठाण्यावर मी फोन लावला. तिथल्या माणसाचा आवाज झोपाळू होता.

"धुकं आहे बाई. निघतो, पण कुठे?"

"पश्चिमेकडे."

"पश्चिमेकडे लिबिया आहे. जागा सांगा."

माझ्याकडे जागा नव्हती. ती एकाच ठिकाणी होती : सातव्याकडे. निवांत अवस्थेतल्या सभासदाला परत बोलावता येतं. त्याचं नाव सेवेकडे आहे तोवर तो निवांत होण्यापूर्वीची आपली यादी घेऊन जागा होतो. यादीतल्या एकाच ओळीला मात्र बोलावता येत नाही. बेचाळीस ओळी, किंवा एकही नाही.

मी हे इन्साफना सांगितलं. माझ्याच्याने नीट सांगता आलं नाही. रडत होते मी. सांगता सांगता नाव पुसण्याची ती आज्ञा खोडली, अक्षर अक्षर.

"म्हणजे ते पुन्हा न परतलेले होतील," त्या म्हणाल्या.

"हो."

त्या खिडकीपाशी गेल्या. काचेवर हात ठेवला. खाली तिसऱ्या बोटीवरच्या आकृतीने दोराचं वेटोळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. खूप वेळ ओझं धरलं की माणूस हात बदलतो, तसं. तेवढंच. चेहरा मला दिसला नाही. त्यांना दिसला की नाही, मी कधी विचारलं नाही.

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या. काचेशी, माझ्याशी नव्हे. "मला वाटायचं, एकदा दिसला तर खूप बोलेन. केवढं साठवून ठेवलंय. त्याच्या आईचं, घराचं, त्या पांढऱ्या मांजरीचं." त्यांनी काच तळव्याने पुसली. "आणि आता हे एवढंच आहे सांगायला, की तुझा मुलगा बाहेर आहे."

"मदाम, मी टाइप करते. चूक माझी आहे."

"सर बाजूला," त्या म्हणाल्या. "पाळी माझी आहे."

त्या खुर्चीत बसल्या, पाठ ताठ, चष्मा नाकावर. एकेक अक्षर दाबलं. शेवटच्या कळीवर बोट ठेवून एकदा खिडकीकडे बघितलं. मग दाबली.

सातवा जागा झाला.

बाहेर टक, टक, टक सुरू झालं. मी बघितलं. बोटी वळल्या नाहीत, तशाच मागे सरकल्या. आधी मागच्या धुक्यात गेल्या, मग पुढच्या. कुणी तक्रार केली नाही, कुणी हात हलवला नाही. सगळ्यांत शेवटी ती पिस्ता फळी दिसत राहिली, बराच वेळ, आणि मग धुक्याचाच रंग झाली. पाण्यावर त्यांच्या जाण्याची एक लाट नव्हती.

पडद्यावर यादी उतरली. बेचाळीस ओळी, सगळ्या समुद्रात. अठराव्या ओळीत जागा होती. ती पहाटेची नव्हती. तिच्यापुढे वेळ होती बारा एक्केचाळीस. मी घड्याळ बघितलं. बारा एक्केचाळीस. वाहत जाणाऱ्या बोटीची जागा हिशेबाने काढता येते. वारा आणि प्रवाह ठाऊक असला की प्रोग्रामला ते जमतं. या प्रोग्रामचं सगळं लिखाण मी वाचलं आहे. त्यात असा हिशेब कुठेही नाही.

मी ठाण्याला जागा सांगितली.

मग अडीच तास. सहलबवर साय धरली. इन्साफनी विणकामाला हात लावला नाही. दर अर्ध्या तासाला सातवा सगळ्यांना हाक देत होता, आणि आता मी प्रत्येक नाव जाताना बघत होते.

सव्वातीनला रेडिओ खरखरला. लाँचवरचा माणूस म्हणाला, सापडले, सहाही, अगदी तिथेच, दोरभरही इकडे तिकडे नाही. मग एक तरुण आवाज आला, थंडीने घोगरा.

"अम्मा? मी आहे. रडू नकोस."

"कोण रडतंय, गाढवा? रशीद म्हणालास ना मला?"

"मासळी पश्चिमेला होती." मागे कुणीतरी हसलं. "अम्मा, ऐक. तासाभरापूर्वी एक बोट आमच्या अंगावरून गेली, इतकी जवळून. जुनी, लाकडी. खोल समुद्राकडे चालली होती. मी ओरडलो, दोर टाक म्हणून. थांबली नाही. सुकाणूवरचा एक जण फक्त हात वर करून उभा होता. असा, किनाऱ्याकडे. मग लाँच त्याच बाजूने आली."

इन्साफनी माइक दोन्ही हातांनी धरला होता. बोलायचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"त्याच्या अंगावर काही होतं का रे?"

"काय?"

"गरम काही. थंडी वाजत होती का त्याला?"

"धुक्यात काय दिसणार, अम्मा? कोण होतं ते?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तू ये."